सात पाण्यांचा माणूस

ये, इकडे ये. उंबऱ्यापाशी पाहुण्यासारखी काय बसतेस? जवळ सरक. मला आता लांबचं ऐकू येत नाही आणि ओरडून बोलायचा दम राहिला नाही. वैशाख पौर्णिमेला येते म्हणालीस. पौर्णिमा गेली, भात लावून झालं, पोटरीला आलं, आणि आता तुला मावशी आठवली. बरं, आलीस ते आलीस. पण आल्या आल्या हसलीस, ते मी पाहिलं हो. कान गेलेत, डोळे आहेत अजून. मी तुझा कप धूत होते आणि तू तोंडाला ओढणी लावून म्हणालीस, "मावशी, झिजेल तो."

सात वेळा धुतला मी तो. तू मोजलंस की नाही कोण जाणे, माझा हात आपोआप मोजतो. ही सवय माझ्या माहेरची नाही आणि सासरचीही नाही. आमच्या मागच्या खोलीत पंधरा-सोळा वर्षं राहिलेल्या एका माणसाची आहे. अख्खं गाव त्यांना सातपाणी म्हणायचं, आम्ही भाऊ म्हणायचो. नाव नाही सांगत. एकदा चारचौघांत त्या नावावर बोट ठेवलं गेलं होतं, पुन्हा नको.

तेव्हा माझं लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती. तुझे काका खोपोलीला कारखान्यात पाळीवर. घरात मी, सासू आणि कडेवर तुझा दादा. एका उन्हाळ्यात हा माणूस कडावच्या रस्त्याला दिसायला लागला. बुटका, खाकी अर्धी चड्डी, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, आणि हात असे की बघत राहावं. जन्मभर पाण्यात राहिल्यासारखे पांढरे, बोटांची टोकं सुरकुतलेली. खिशात काचेच्या पट्ट्या. प्रत्येक विहिरीवर जायचा, पट्टीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि उन्हात धरून बसायचा. थेंब सुकला की काच डोळ्याशी न्यायची, मान हलवायची आणि चालायला लागायचं पुढच्या विहिरीकडे. बायका म्हणाल्या सरकारी असेल. एक जण म्हणाला, पुरलेलं धन शोधतोय.

आमची विहीर नवी होती. दीक्षा घेतल्यावर दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्या लोकांनी स्वतः खणलेली. त्याआधी आमच्या बायका वरच्या आळीच्या विहिरीच्या कट्ट्याखाली हंडा ठेवून उभ्या राहायच्या. वरून कुणी ओतेल तेव्हा पाणी. सासूने अर्धं आयुष्य तसं उभं राहून काढलं होतं.

तर भाऊंनी आमच्या विहिरीचा थेंब सुकवला, काच पाहिली आणि सरळ आमच्या दारात आले.

"खोली मिळेल का राहायला?"

सासूने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. आडनाव विचारलं. आडनाव निघालं वरच्या आळीचं. ती म्हणाली, "वाट चुकलाव जनू. तुमची आळी तिकडं वर हाय."

"तिथल्या पाण्याचा डाग राहतो," भाऊ म्हणाले. "तुमच्याचा नाही राहत. बघा." आणि काच पुढे केली.

सासूने काच हातात घेतली नाही, पण ते वाक्य मरेपर्यंत गावभर सांगितलं. भाऊंना त्यात काय सांगण्यासारखं आहे हेच कळलं नव्हतं. त्यांना माणसं कमी कळायची, काच कळायची.

खोली दिली. पहिल्याच दिवशी मी चहा घेऊन गेले. भाऊ म्हणाले, "वहिनी, चहा राहू दे. आधी रिकामा कप द्या." मी चहा परत पातेल्यात ओतला आणि कप दिला. ते विहिरीवर गेले. राखेने घासला, विसळला. एकदा, दोनदा, तीनदा. मी कमरेवर हात ठेवून बघतेय. सात वेळा! मग कप उजेडाकडे धरून बघितला आणि पुढे केला. "हं, आता घाला."

सासू ओटीवर होती. त्यांच्यासमोर काही बोलली नाही. आत येऊन मला म्हणाली, "बगितलास? पानी चालतं, आमचा हात नाय चालत. ह्यो बी त्यातलाच." तिने करवंटीत चहा प्यायचे दिवस पाहिले होते, पोरी. अंगणाबाहेर कुडाला अडकवलेली करवंटी, आणि वरून ओतलेला चहा. त्या दिवसापासून भाऊंचा चहा बंद. आठ महिने मी त्यांना घोटभर चहा दिला नाही. त्यांनी मागितला नाही, तक्रार केली नाही. सासूला वाटलं, बघा, सुटलो म्हणत असेल.

मग तिनेच एक दिवस त्यांना विहिरीवर पकडलं. भाऊंनी कर्जतच्या बाजारातून नवा कोरा काचेचा पेला आणला होता, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तोही सात पाण्यांनी धुतला. मग स्वतःचं सकाळी धुतलेलं भांडं काढलं, ते पुन्हा सात पाण्यांनी.

सासू म्हणाली, "काय रं भाऊ, ह्यो पेला कुनी शिवला?"

"कुणी नाही, आजी. नवा आहे."

"मंग?"

"धुतला पाहिजे."

"आनि आमचा कप?"

भाऊ बघतच राहिले. डोक्यात शिरायला वेळ लागला. शिरलं तेव्हा त्यांचं तोंड असं झालं की मला वाटलं आता पेला हातातून पडतो.

"आजी, तुम्हाला वाटलं मी तसा...? आठ महिने?"

"आठ महिनं चा दिला नाय, ते बी कळलं नाय व्हय?"

"मला वाटलं, साखर महाग झाली असेल."

सासूला हसू आवरेना. मी तर खाली बसले. भाऊ मात्र हसले नाहीत. तिथेच विहिरीच्या कट्ट्यावर बसून त्यांनी आपली हकीकत सांगितली.

ते मुंबईला एका प्रयोगशाळेत बाटल्या धुवायच्या कामावर होते. हात इतका स्वच्छ की साहेबांनी त्यांना पेशी सांभाळायला दिल्या. आपलं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं. त्या काढून बाटलीत ठेवायच्या, त्यांना खाणं द्यायचं, ऊब द्यायची. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. बाटली भरली की अर्ध्या दुसऱ्या बाटलीत. ती भरली की पुन्हा अर्ध्या. साहेबांचं म्हणणं, नीट सांभाळल्या तर हे असंच चालू राहतं, अंत नाही. पुस्तकात तसंच होतं म्हणे. पण भाऊंच्या बाटलीत तसं होईना. काही महिने भराभर वाढायच्या, मग हळू, मग थांबायच्या.

"लगेच मरत नाहीत, वहिनी. खातात, पितात, बसून राहतात. फक्त एकीच्या दोन होत नाहीत."

साहेब म्हणाले, बाटलीत सोडा राहतो. भाऊ तीन पाण्यांनी धुवायचे, ते पाच घालू लागले, मग सात. पेशी थांबायच्या त्या थांबायच्याच. एके दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तू बाटल्या धुतोस की नुसत्या ओल्या करतोस?" भाऊंनी काम सोडलं आणि गावाकडे आले.

"सात पाण्यांनी जात नाही, म्हणजे तो दोष हातातच असेल ना?" ते म्हणाले.

हे ते एकदाच बोलले. पण त्यांचं सगळं जगणं त्या एका प्रश्नाला बांधलेलं होतं. चूक आपल्या हाताची होती, की त्या पेशीच थकत होत्या? बायको नाही, पोर नाही, देवधर्म नाही. एवढा एक प्रश्न घेऊन तो माणूस आमच्या मागच्या खोलीत राहिला.

चहा पुन्हा सुरू झाला. रिकामा कप द्यायचा, सात पाणी होईपर्यंत चहा निखाऱ्यावर ठेवायचा, मग ओतायचा. तुझे काका म्हणायचे, "यांचा चहा होईस्तोवर माझी पाळी बदलते." भाऊंनी आमच्या कुंपणाच्या मेखांवर बाटल्या उलट्या वाळत घातलेल्या असायच्या. लांबून वाटायचं, वेलाला काचेचे दुधी लागलेत. वीस-पंचवीस तरी. कशासाठी, विचारलं तर म्हणायचे, "स्वच्छ असाव्यात." कुणी गडबडीने भांडी विसळताना दिसलं की थांबून सांगायचे, "घाई केली की घाण राहते." स्वतः कशाचीच घाई करायचे नाहीत. कर्जतहून पाचची गाडी पकडायला दोनला निघायचे. केळं हे त्यांचं आवडतं फळ. सालीच्या आतलं धुवावं लागत नाही म्हणून.

आणि सासूशी त्यांचं जमलं कशावरून, सांगू? विरजणावरून. कडावहून दूध यायचं. एकदा दही तार धरून आलं, चिकट झालं. सासू म्हणाली, "इरजन थकलं. दुसरं आना कुनाकडनं." भाऊ दाराबाहेरून जात होते, ते जागच्या जागी थांबले.

"काय म्हणालात आजी? पुन्हा सांगा."

"थकलं म्हनलं. रोज रोज तेच लावायचं म्हनल्यावर थकनारच की. भाताचं बी बी थकतं. तीन-चार सालांनी दुसऱ्या गावचं आनावं लागतं."

भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं नाही सांगत. इतक्या वर्षांत त्यांच्या बाजूने बोललेलं ते पहिलं माणूस. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी प्रयोग मांडला. उकळून निवलेलं दूध, सात पाण्यांनी धुतलेली बाटली, त्यात सासूचं चांगलं विरजण. रोज कालच्यातलं थोडं आजच्यात. भिंतीवर खडूने एक एक रेघ. दही कधी थकतं, ते बघायचं होतं.

पावसाळा गेला, थंडी गेली, भिंत रेघांनी भरली. दही थकेना! कवडी पडावी असं घट्ट, गोड दही रोज लागत राहिलं. आम्ही खाऊन कंटाळलो. शेवटी भाऊ सासूपुढे येऊन उभे राहिले. "आजी, दही थकत नाही. बाटली स्वच्छ असेल तर ते चालूच राहतं."

"म्हंजे माजं मडकं घान हाय म्हनता?" सासू उसळली. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही.

मी म्हटलं, "भाऊ, मग तुमचा हात तर स्वच्छ ठरला की! दही बिघडलं नाही म्हणजे बाटलीत दोष नव्हता. त्या पेशीच थकत होत्या."

"ठरलं," ते म्हणाले. मग भिंतीवरच्या रेघांकडे बघत म्हणाले, "पण दही म्हणजे माणसाची पेशी नाही, वहिनी. साहेब हेच म्हणतील." आणि ओला फडका घेऊन सगळ्या रेघा पुसून टाकल्या. साहेबांना त्यांनी कार्ड मात्र टाकलं होतं. उत्तर आलं नाही. माणूस बरोबर ठरला तरी ते ऐकायला कुणी लागतं गं.

अशी वर्षं गेली. सासू सत्तरीच्या पुढे गेली, आणि एका भाद्रपदात तिच्या बरगडीखाली नागीण उठली. आधी नुसती आग, मग पुरळ, पाठीकडून पोटाकडे सरकत आलेला पट्टा. तुला माहीत नसेल, तेव्हा सगळे घाबरायचे. नागिणीचं तोंड नि शेपूट एकत्र आलं, वेढा पुरा झाला, की माणूस गेलं. कर्जतच्या डॉक्टरांनी लावायला औषध दिलं, गोळ्या दिल्या. पण शेजारणी म्हणायला लागल्या, कोंडाणे गावाच्या बाजूला एक म्हातारा आहे, मंत्र घालून गेरूने वाट अडवतो, त्याला आणा.

सासू नाही म्हणाली. "दीक्षा घेताना सांगितलं, मंत्रतंत्र सोडलं. आता मरनाच्या भ्यानं धरू व्हय?" लोकांसमोर ठाम. पण दुपारी मी औषध लावायला बसले की हळूच विचारायची, "बोट लावून बघ गं, तोंडाला किती ऱ्हायलं?" आणि म्हणायची, "माजं काय चुकलं? कुटं घान व्हती? मी तर आंगुळ कवा चुकवली नाय."

हे भाऊंनी ऐकलं. विहिरीवरून आले होते, हात ओले. दारापाशी पाठ फिरवून उभे राहिले आणि काचेवर लिहायची त्यांची निळी मेणपेन्सिल मागे हात करून मला दिली. "वहिनी, आजींच्या पाठीच्या कण्यावर सरळ रेघ ओढा. समोर पोटावर, बेंबीतून वर, तशीच एक."

मी ओढली.

"आजी, नागीण अंगाच्या एकाच बाजूला असते. या रेघांच्या पलीकडे ती जात नाही. वेढा पुरा होतच नाही. प्रयोगशाळेतले डॉक्टर सांगायचे. रोज बघा."

सासू रोज मला बघायला लावायची. खरंच, रेघेपाशी येऊन थांबली. भाऊंची फजिती पुढे झाली. बातमी पसरली, सातपाणी निळ्या पेन्सिलीने नागीण अडवतो! कडावहून, कोंडाण्याहून माणसं यायला लागली, सदरा वर करून रांगेत. भाऊ ओरडायचे, "अरे, ती रेघ काही करत नाही! ती आपोआप थांबते!" लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "व्हय व्हय, पन वडा तुमी." शेवटी ओढून द्यायचे. रेघ ओढून पुन्हा हात धुवायचे, सात पाणी.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. रेघ ओढून झाल्यावर सासूने पांघरूण घेतलं, आणि भाऊ पहिल्यांदा आत येऊन तिच्या बाजेपाशी जमिनीवर बसले.

"लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना, आजी?"

"आल्या व्हत्या तर. बाया आल्या म्हनायचे तवा."

"तीच ही. बाहेरून नाही आली. तेव्हापासून तुमच्या पाठीत दबून बसलेली. रक्तात राखणदार असतात, पांढऱ्या पेशी. ज्या राखणदाराने चोर एकदा पाहिला, तो विसरत नाही. चोर हलला की राखणदार एकाचे दोन होतात, दोनाचे चार, आणि त्याला दाबून बसवतात. साठ वर्षं बसवलं त्यांनी."

"मंग आता झोपले का काय?"

"झोपले नाहीत. तिथेच आहेत. पण एकाचे दोन व्हायचं बळ सरत आलं. हे मला कुणी शिकवलेलं नाही हं, मी जुळवतोय. बाटलीतल्यांचं पाहिलं, त्यावरून मला असं वाटतं."

सासूने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "म्हंजे घान न्हवती कुटं."

"नाही आजी."

"माजी चूक नाय."

"अजिबात नाही. थकले ते. इतकी वर्षं राखण केली."

"मंग तुमची कशी?"

भाऊ खिशातली काच चाचपायला लागले.

"सांगा की. माजे राखनदार थकले तर माजी चूक नाय. तुमच्या बाटलीतले थकले तर तुमची चूक कशी? का मला बरं वाटावं म्हनून थापा मारताव?"

"थापा नाही, आजी."

"मंग झालं तर." आणि मला म्हणाली, "सुने, चा ठेव. भाऊंना बी."

मी चहा केला. सवयीने रिकामा कप घेऊन गेले. सासू बाजेवरून म्हणाली, "रिकामा नको. भरून दे."

मी भरून आणला. भाऊंनी कपाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. हात अजून ओले होते. मला वाटलं, आता उठून जातील. त्यांनी कप घेतला. हळूहळू, खालचा गाळ दिसेपर्यंत प्यायले. कप जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "साखर आहे की."

कुशीवर वळताना सासू कण्हली, पण हसत होती. मी पदर तोंडाला लावून चुलीकडे गेले.

सवय काही सुटली नाही हो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर सात पाणी चालूच. पण आमच्या घरचा कप त्यांनी पुन्हा कधी धुतला नाही. सासूची नागीण वाळली, आग मात्र राहिली. पुढे दोन वर्षांनी ती गेली.

भाऊ त्यानंतरही होते. त्यांच्या हातांची कातडी फाटायची, बोटं आखडली. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आली होती, ती त्यांचे हात बघायला घरी आली. असे हात कशाने झाले, विचारलं, तेव्हा मीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण त्या पेशी थांबतातच. ठरावीक वेळा वाढतात आणि थांबतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशीही वयाबरोबर तशाच थकतात, असं आता म्हणतात. आम्हाला शिकवलं ना हे."

भाऊंनी विचारलं, "कधीपासून शिकवतात?"

"झाली की बरीच वर्षं."

भाऊ आपले हात उलटेपालटे करून बघत राहिले. "कुणी कळवलं नाही," म्हणाले. एवढ्या वर्षांचं पाणी डोळ्यांसमोरून गेलं माझ्या. मग तेच म्हणाले, "असू दे. आम्हाला आजींनी सांगितलं होतं."

पुढे त्यांना स्वतःची भांडी धुवायला जमेना. मग मी धुवायचे, ते खाटेवर पडून पाण्याचा आवाज ऐकायचे. सहाव्या पाण्याला मी थांबले की आतून खोकायचे. मी चिडायचे. "घातलं हो भाऊ, सातवं!" ते गेले त्या दिवशीही मी त्यांचा पेला धुतला. सहाव्याला थांबले. कुणी खोकलं नाही. तेव्हापासून सातवं पाणी मी आठवणीने घालते.

हां, आता हस.

तुला सांगितलं नव्हतं. गेल्या थंडीत माझ्याही कमरेला नागीण उठली होती. मी घाबरले नाही. अर्ध्यावर थांबते, माहीत होतं. पण रेघ ओढायला मागे हात पोचेना, आणि घरात कुणी नव्हतं. पेन्सिल आहे अजून डब्यात, निळी, बोटभर उरलीय. थकतं गं सगळंच, राखणदार थकतात, बोलवणारेही थकतात. म्हणून पुढच्या पौर्णिमेचा वायदा नको करूस. सवड मिळाली की लगेच निघून ये. तुझा कप आधीच धुवून ठेवीन. आलीस की भरूनच हातात देईन.